उंच चढाईपटू आणि उतावीळ अपेक्षा

भाताची झोडणी आटोपली, खळी मोकळी झाली, की मावळात कबड्डीची मैदाने आखली जाऊ लागतात. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ. तिन्ही खोऱ्यांत गावदेवाच्या उत्सवापासून चैत्र-वैशाखातील यात्रांपर्यंत सामन्यांचा हंगाम रंगतो. आणि दर हंगामात कुठल्या ना कुठल्या मैदानावर एक नवा मुलगा सर्वांच्या नजरेत भरतो. वय सोळा-सतरा, मिसरूड नुकतेच फुटलेले आणि उंची मात्र अशी, की संघाच्या छायाचित्रात त्याला मागच्या रांगेतही किंचित वाकून उभे राहावे लागते. त्याच्या एका चढाईत तीन गडी बाद होतात, कोणीतरी ती चढाई भ्रमणध्वनीवर टिपतो, आणि दुसऱ्या दिवशी कामशेतच्या चहाच्या टपरीपासून लोणावळ्याच्या बाजारपेठेपर्यंत एकच निवाडा ऐकू येतो : मावळाला आपला सिद्धार्थ देसाई सापडला!

हे कौतुक खोटे नसते. उंच चढाईपटू हा कबड्डीतील मोठा ठेवा आहे, यात शंका नाही. तथापि हा ठेवा हाती येण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ किती हे ठरविणाऱ्या गोष्टी मुलाच्या जिद्दीत कमी व त्याच्या हाडांत, वजनकाट्यात आणि खेळाच्या नियमांत अधिक असतात. त्यांचा हिशेब न मांडता मुलाच्या खांद्यावर गावाची, मंडळाची आणि घरच्यांची स्वप्ने लादली जातात, तेव्हा बहुधा तो खांदाच आधी निखळतो. हे केवळ लाक्षणिक अर्थाने म्हटलेले नाही.

प्रथम उंचीचा लाभ नेमका कोठे होतो, ते पाहू. पुरुष गटाचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्य रेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, आणि तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला ३० सेकंदांत आत शिरून, निदान रेषा ओलांडून वा गडी टिपून परतायचे असते. पकड झाली तरी शरीराचा कोणताही भाग मध्य रेषेला लागला, तर तो सुटतो आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरले ते सारे बाद होतात. आता सव्वासहा फुटांच्या आसपास उंची असलेला मुलगा हात ताणून पालथा पडला, तर टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत त्याचा पल्ला सुमारे २.४ मीटर भरतो. म्हणजे निदान रेषेपासून मध्य रेषेपर्यंतचे जवळजवळ दोन तृतीयांश अंतर तो नुसता पडूनच कापतो! साडेपाच फुटांच्या मुलाच्या तुलनेत हा पल्ला वीतभर अधिक असतो. कबड्डीत वीतभर अंतरावर सामने फिरतात. लांब पाय बोनस रेषेपलीकडे सहज टेकतो. लांब हात कोपरारक्षकाच्या पाठीला जाता जाता स्पर्श करून येतो. प्रेक्षकांना जे चमत्कारासारखे भासते, त्याचा बराचसा भाग हा असा साध्या मोजपट्टीचा असतो.

आणि येथेच पहिली मेख आहे. गावच्या मैदानावर उंच मुलगा ज्यांच्याविरुद्ध खेळतो, त्यांच्यापैकी अनेकांना त्या पल्ल्याचा अंदाजच नसतो. ते नेहमीच्या अंतरावर उभे राहतात आणि टिपले जातात. त्यात मुलाचे कौशल्य किती आणि समोरच्यांचा अननुभव किती, हे त्या एका सामन्यातून सांगता येत नाही. जाणता बचावपटू दोन चढायांत अंतर बदलतो. तो अर्धे पाऊल मागे सरकतो, हाताकडे पाहणे सोडतो आणि घोट्याकडे पाहू लागतो.

घोटा हाच उंच चढाईपटूचा खरा शत्रू आहे. लांब पाय जेवढा पुढे जातो, तेवढा तो शरीरापासून दूर, आधाराविना असतो. बोनससाठी पाय टाकला, दुसरा पाय हवेत आहे, त्या क्षणी कोपरारक्षकाने झेप घेऊन घोटा धरला, तर सहा फुटांचा देह एका बिंदूवर तोललेला असतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका तोल जाण्यास धक्का कमी लागतो; हे शाळेतील विज्ञान आहे. बुटका, रुंद खांद्यांचा चढाईपटू त्याच पकडीत वळवळून निसटू शकतो. उंच मुलगा मात्र कलंडतो, आणि कलंडला की मध्यरक्षक वरून येऊन त्याची मांडी धरतात. मग उरते ती केवळ ताकद. सोळाव्या वर्षी ती कोठून आणायची?

साखळी पकडीतही हीच अडचण आहे. दोन बचावपटूंनी हात गुंफून अडविले, की त्या हातांच्या खालून सूर मारून निसटण्याची युक्ती म्हणजे डुबकी. प्रो कबड्डीत परदीप नरवालने हे अस्त्र असे काही परजले, की २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याच्या नावावर चढायांचे ३६९ गुण लागले. परंतु डुबकीसाठी देह क्षणार्धात गुडघ्याएवढ्या उंचीवर आणावा लागतो. मध्यम बांध्याच्या खेळाडूला जे एका हालचालीत साधते, त्यासाठी उंच खेळाडूला देहाच्या दोन-तीन घड्या घालाव्या लागतात. तो वरून उडी मारू शकतो, बाजूने निसटू शकतो. पण खालचा दरवाजा त्याच्यासाठी जवळजवळ बंद असतो, आणि हे प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक असते.

आता वजनकाट्याकडे वळू; कारण या विषयातील सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथे दडलेली आहे. कबड्डीच्या अधिकृत स्पर्धा वयाबरोबर वजनावरही चालतात. किशोर गटासाठी १६ वर्षे आणि ५५ किलो, कुमार गटासाठी २० वर्षे आणि ७० किलो, तर पुरुष गटासाठी ८५ किलो अशा मर्यादा वर्षानुवर्षे रूढ आहेत. सरासरी बांध्याच्या मुलासाठी ही पायरी-पायरीची वाट सोयीची आहे. उंच मुलासाठी ती नाही. पंधराव्या वर्षी ज्याची उंची १७८ सेंटिमीटर झाली आहे, त्याने ५५ किलोच्या आत राहायचे म्हणजे जवळजवळ हाडांचा सापळा होऊन राहायचे. परिणामी असा मुलगा एक तर किशोर गटाला मुकतो, अथवा चाचणीच्या आधी आठवडाभर उपाशी राहून, पाणी तोडून, अंगावर जाड कपडे चढवून धावत वजन उतरवतो. पहिल्या मार्गात त्याची सामन्यांची दोन-तीन वर्षे वाया जातात. दुसऱ्यात वाढीच्या वयात शरीरच वाया जाते. आपल्याकडे तालमीपासून कबड्डीच्या मैदानापर्यंत वजन उतरविण्याला पराक्रम समजले जाते, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

म्हणजे असे, की ज्याला लोक ‘तयार खेळाडू’ समजतात तो उंच मुलगा कुमार गटात येतो तेव्हा त्याच्या गाठीशी त्याच्याच वयाच्या बुटक्या सवंगड्यापेक्षा कमी सामने असतात. तो दिसतो मोठा, पण खेळाच्या वयाने तो लहान असतो. हा विरोधाभास ध्यानात घेतला, तर त्याच्या अनेक चुकांचा उलगडा होतो. वेळेचे भान नसणे, सहा बचावपटू असताना बोनसवर समाधान न मानता आत घुसणे, दोन रिकाम्या चढायांनंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईत गोंधळणे. या चुका जिगर कमी असल्याच्या नसून अनुभव कमी असल्याच्या आहेत.

पुढची पायरी आणखी अवघड. १८५ सेंटिमीटर उंचीचा मुलगा ७० किलोच्या कुमार गटातून ८५ किलोच्या पुरुष गटात जातो, तेव्हा समोरचा उजवा कोपरारक्षक पंचविशीतला, पोलीस वा रेल्वेच्या संघात सात-आठ वर्षे मुरलेला आणि पूर्ण वजनाचा असतो. या मुलाला १५ किलोंची भर घालायची आहे, तीही चरबीची नव्हे, तर मांड्या, कंबर, पाठ आणि खांद्यांतील बळाची. आणि वेग न गमावता. हे काम तीन-चार वर्षांचे आहे. सहा महिन्यांत ते करून दाखविण्याचे आमिष व्यायामशाळांमधून मिळणारी पूड आणि त्याहून घातक सुया दाखवितात. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूची कारकीर्द कशी संपते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

वाढत्या शरीराची स्वतःचीही काही वेळापत्रके असतात. मुलांची उंची साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक झपाट्याने वाढते आणि पुढे सतरा-अठरापर्यंत हळूहळू थांबते. या काळात हाडे आधी लांब होतात. स्नायू आणि स्नायुबंध मागाहून त्यांना गाठतात. कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अचानक अडखळू लागतो, तो याच कारणाने. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा येणे हे उड्या मारणाऱ्या वाढत्या मुलांमध्ये सर्रास आढळते. विश्रांतीने तो त्रास जातो. तेल चोळून आणि ‘सहन कर’ म्हणून जात नाही.

मातीचे मैदान आणि मॅट यांतील अंतरही येथे ध्यानात घ्यावे लागते. मावळातील बहुतेक मुले मातीवर, अनवाणी खेळून मोठी होतात. मातीवर वळताना पाय थोडा घसरतो, आणि ती घसरणच गुडघ्याला वाचविते. मॅटवर बूट घट्ट बसतो. वरचा देह वळतो पण पाऊल वळत नाही, आणि तो सारा पीळ गुडघ्याच्या आतील स्नायुबंधावर येतो. उंच खेळाडूचे पाऊल लांब, त्यामुळे थांबण्यासाठी लागणारा जोर अधिक आणि पिळाचा दांडाही अधिक लांब. हा स्नायुबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे नऊ महिने वा अधिक काळ मैदानाबाहेर. खांद्याचे तर त्याहून बिकट. मध्य रेषेकडे हात ताणून झेप घेतलेली आहे, पाठीवर तीन बचावपटू आहेत, अशा स्थितीत खांदा निखळतो. विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका बराच मोठा असतो, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या झेपेसाठी उंच मुलाचे कौतुक होते, नेमकी तीच त्याची सर्वांत जोखमीची हालचाल आहे.

ज्याच्या नावाने मावळातील मुलांना हाका मारल्या जातात, त्या सिद्धार्थ देसाईची वाटचाल या दृष्टीने नीट वाचण्याजोगी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा हा धिप्पाड चढाईपटू २०१८ मध्ये प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यू मुम्बा संघाकडून उतरला, तेव्हा त्याची बोली होती ३६ लाख ४० हजार रुपये. पुणेरी पलटणविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, जो ३२-३२ असा बरोबरीत सुटला, त्याने बचावफळी उधळून लावली, आणि हंगामाअखेर २१ सामन्यांत चढायांचे २१८ गुण त्याच्या खात्यावर होते. प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तेलुगु टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले; त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती.

या कथेतील दोन तपशील मात्र टपरीवरच्या चर्चेत गळून पडतात. पहिला असा, की ‘एका रात्रीत’ चमकलेल्या या खेळाडूने तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती. राज्यातील स्पर्धा, व्यावसायिक संघांतील चढउतार, एअर इंडियासारख्या संघातील सराव, हे सारे त्याच्या मागे होते. तो पूर्ण वजनाचा, पूर्ण बांध्याचा, मुरलेला पुरुष म्हणून दूरचित्रवाणीवर आला. सतरा वर्षांचा मुलगा म्हणून नव्हे. दुसरा तपशील असा, की पहिल्या यशानंतर तो ढेपाळला नाही. २०१९ मध्येही त्याने २१७ गुण मिळविले. तरीही तेलुगु टायटन्सला त्या वर्षी बाद फेरी गाठता आली नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या आठव्या हंगामात जेमतेम तीन सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले, आणि संघ तळाशी राहिला. एक माणूस दोनशे गुण मिळवूनही संघ जिंकत नाही, आणि तो माणूस पडला तर संघ उभा राहत नाही. एकाच चढाईपटूच्या खांद्यावर सारा डोलारा उभारण्याचे हे फळ. मोठ्या संघाची जर ही गत, तर एखाद्या गावच्या मंडळाने सतराव्या वर्षाच्या मुलावर हाच प्रयोग करावा काय, याचा विचार व्हायला हवा.

इतरांचीही उदाहरणे आहेत. हिमाचल प्रदेशच्या अजय ठाकूरचा उंच, शिडशिडीत बांधा आणि बचावपटूंवरून मारलेली बेडूकउडी कबड्डीप्रेमींना आठवत असेल. अहमदाबादेत २०१६ च्या विश्वचषकात सर्वाधिक चढाई-गुण त्याचे होते आणि इराणविरुद्धचा अंतिम सामना भारताने ३८-२९ असा जिंकला, तो मुख्यत्वे त्याच्या चढायांवर. तेव्हा त्याचे वय ३० होते. पवन सेहरावत २०१६ मध्ये प्रो कबड्डीत आला. मधला एक हंगाम तर त्याने गुजरातच्या बाकावरच काढला म्हणावे अशी स्थिती होती. २०१८ च्या हंगामात तो बंगळुरू बुल्सकडून चढायांचे २७१ गुण घेऊन गेला आणि ५ जानेवारी २०१९ रोजी अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण मिळवून संघाला विजेतेपद मिळवून दिले. याच पवनवर २०२२ मध्ये तमीळ थलायवाज संघाने २ कोटी २६ लाख रुपये लावले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामाबाहेर गेला. पैसा, प्रतिभा आणि शरीर ही तीन वेगवेगळी खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

पुणेकरांना अधिक जवळचे उदाहरण पुणेरी पलटणचे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून या संघाने आपले पहिले विजेतेपद मिळविले. योगायोग असा, की हरवलेल्या हरियाणाच्या चढाईफळीत सिद्धार्थ देसाई होता. पलटणची बांधणी पाहिली, तर तीत एकही ‘बाहुबली’ नव्हता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे या तरुण चढाईपटूंत भार वाटलेला होता. एकाचा दिवस वाईट गेला तर दुसरा पुढे येई. यांतील काही मुले संघाने कोवळ्या वयात हेरून, काही हंगाम धीराने खेळवून तयार केलेली होती. अपयशाचे दोन-चार सामने पचविण्याची मुभा त्यांना मिळाली. ही मुभा मावळातील मुलाला मिळते का?

बहुधा नाही, आणि त्याची कारणे केवळ खेळाची नाहीत. गेल्या पंचवीस वर्षांत द्रुतगती महामार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत, लोणावळ्याभोवतीचे बंगले आणि शेतघरे यांनी मावळाचा चेहरामोहरा पालटला. ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या त्यांच्या पुढच्या पिढीपुढे शेती उरली नाही, आणि कारखान्यात मिळते ती बहुतांशी कंत्राटी नोकरी. अशा घरात सव्वासहा फुटांचा मुलगा चढाया जिंकू लागला, की तो मुलगा राहत नाही, ती आशा होते. राज्य शासनाच्या सेवांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सेनादले येथे खेळाच्या गुणवत्तेवर भरती होते. प्रो कबड्डीच्या लिलावाचे आकडे तर वृत्तपत्रांत ठळक छापून येतात. बारावीचे वर्ष सोडून मुलगा पहाटे-संध्याकाळ मैदानावर, आणि वडील त्याच्या खुराकासाठी उसनवारीवर, असे चित्र म्हणून तर उभे राहते.

येथे एक बारकावा पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. यात्रेतील सामन्यांत रोख बक्षीस मिळते, ढाल मिळते, कधी दुचाकीही मिळते. नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र मात्र मिळत नाही. शासकीय नोकरीतील क्रीडा आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य वा राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीच धरली जाते आणि तिची पडताळणी होते. म्हणजे मुलाचे खरे सामने वर्षाकाठी मोजके असतात : जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य स्पर्धा, शालेय आणि विद्यापीठ स्पर्धा. प्रत्यक्षात होते असे, की हंगामभर दर शनिवार-रविवारी दोन-दोन गावांत ‘पाहुणा खेळाडू’ म्हणून खेळून मुलगा चाचणीच्या वेळी थकलेला वा दुखावलेला असतो. त्याला बोलावणाऱ्या मंडळांना त्या रात्रीची गर्दी मिळालेली असते. गुडघ्याचा खर्च घरचे करतात.

मग अपेक्षा ठेवायचीच नाही काय? ठेवावी, पण ती गुणफलकावर ठेवू नये. सोळा ते अठरा या वयात उंच चढाईपटूच्या गुणांना फारसा अर्थ नसतो. ते गुण त्याने कोणाविरुद्ध आणि किती बचावपटूंसमोर मिळविले याला असतो. समोर सात गडी पूर्ण असताना मिळविलेला एक गुण, समोर तीनच गडी उरले असताना मिळविलेल्या दोन गुणांपेक्षा अधिक काही सांगतो. पकड झाली ती कशी झाली, हे पाहावे. सामन्यागणिक तोच घोटा, त्याच डाव्या कोपऱ्यात धरला जात असेल, तर मुलगा शिकत नाही. वेगवेगळ्या रीतीने पकडला जात असेल, तर तो काहीतरी नवे करून पाहत आहे, आणि ते चांगले लक्षण आहे. रिकाम्या चढाईलाही नावे ठेवू नयेत. ३० सेकंद पुरेपूर वापरून, बचावाची रचना न्याहाळून, सुखरूप परतणे ही कला आहे. ती प्रेक्षकांना आवडत नाही एवढेच. उंच मुलाला ती सर्वांत आधी यायला हवी, कारण त्याची प्रवृत्ती प्रत्येक चढाईत झेप घेण्याची असते आणि टाळ्याही त्यालाच मिळतात.

बचावाचा सराव हा आणखी एक दुर्लक्षित भाग. उंच मुलगा संघात आला, की त्याला केवळ चढाईसाठी राखून ठेवले जाते. वास्तविक लांब हात मध्यरक्षकाला अतिशय उपयोगी पडतात, आणि स्वतः पकडी करू लागलेला खेळाडू आपण कोठे पकडले जातो हे लवकर ओळखतो. शिवाय चढाईपटू म्हणून नाव झाले नाही, तरी संघात दुसरी जागा शिल्लक राहते. अठराव्या वर्षी ज्याला चढाईपटू समजले गेले, तो तेविसाव्या वर्षी उत्तम मध्यरक्षक ठरला, तर त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

वजनाच्या बाबतीत प्रशिक्षकांनी थोडा कठोर निर्णय घेण्याची गरज आहे. जो मुलगा उपाशी राहूनच किशोर गटात बसतो, त्याला त्या गटात खेळवूच नये. त्या वर्षी त्याला वरच्या वयाच्या मुलांबरोबर सरावाचे सामने खेळू द्यावेत. दर तीन महिन्यांनी त्याची उंची आणि वजन वहीत नोंदवावे. उंची झपाट्याने वाढत असेल त्या काळात उड्या आणि झेपा कमी करून तोल, पदलालित्य आणि वळण्याचा सराव वाढवावा. या वहीला काही खर्च येत नाही, तरीही ती फार थोड्या मंडळांकडे आढळते.

निसर्गाने मावळाला एक सोय करून दिलेली आहे, तिच्याकडे मात्र अडचण म्हणून पाहिले जाते. लोणावळ्याच्या परिसरात एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मातीच्या मैदानावर खेळ शक्य नसतो. बंदिस्त सभागृहे आणि मॅट मोजकीच. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल फार दूर नसले, तरी रोज जाण्यायेण्याइतके जवळही नाही. या चार महिन्यांत मुले भातलावणीला जातात आणि उरलेला वेळ मंडळाच्या खोलीत जुन्या चढायांची चित्रफीत पाहण्यात जातो. पण हेच चार महिने उंच मुलाच्या अंगात बळ भरण्याचे आहेत. बैठका, दोर चढणे, पाठीचे आणि खांद्याचे व्यायाम, एका पायावर तोल सावरणे, यासाठी देवळाचा सभामंडप पुरतो. पोटभर भात, कडधान्ये, अंडी, दूध आणि आठ तास झोप, हा खुराक बाजारातील डब्यांपेक्षा स्वस्त पडतो. त्या काळात ना सामने असतात, ना बक्षिसे, ना टाळ्या. दसऱ्यानंतर मैदान वाळू लागते, चुन्याने रेषा आखल्या जातात, आणि जून महिन्यात नोंदविलेला वजनाचा आकडा तेव्हा दोन किलोंनी वाढलेला दिसला, तर त्या वर्षापुरते तेवढे पुष्कळ झाले.